खाडाखोड केलेले खर्डेच चिनी सुलेखनात सर्वश्रेष्ठ का मानले जातात?

अक्षरवळण (कर्वेनगर, पुणे)

सर्वांना नमस्कार.

मी गेली बावीस वर्षे देवनागरी सुलेखनाचे वर्ग घेत आहे आणि दरवर्षी दोन-तीन शाळांच्या हस्ताक्षर स्पर्धांचे परीक्षण करतो. अक्षराचे वळण, दोन शब्दांमधले अंतर, रेघेवरची बैठक या गोष्टींवरून परीक्षकांमध्ये मतभेद होतात. खाडाखोडीवरून मात्र कधीच होत नाहीत. खाडाखोड दिसली की गुण गेले. मीही आजवर मुलांना हेच शिकवत आलो आहे.

गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थिनीने मला प्राचीन चिनी सुलेखनाच्या छापील प्रतींचा एक संच आणून दिला. मला चिनी भाषा येत नाही. तिने वहीत लिहून दिलेल्या अर्थाच्या आधाराने मी रोज रात्री एकेक पान लावतो. त्यात एका गोष्टीपाशी मी अडलो आहे. धावत्या लिपीतील पहिली, दुसरी आणि तिसरी श्रेष्ठ कृती असा मान चिनी परंपरेने ज्या तीन लेखनांना दिला आहे, ती तिन्ही कच्चे खर्डे आहेत. इ. स. ३५३ मध्ये वांग शीझी यांनी लिहिलेल्या 'लानतिंग' या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत शब्दांवर शब्द गिरवलेले आहेत. ७५८ मध्ये यान झेनचिंग यांनी आपल्या मृत पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखात तर ओळीच्या ओळी काट मारलेल्या दिसतात. सू शी यांनी हुआंगझोऊ येथे हद्दपारीत असताना १०८२ मध्ये रचलेल्या दोन कवितांच्या कागदावरही एक शब्द मागाहून घुसवलेला आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. ज्या देशात स्वच्छ, नेटक्या अक्षराचा एवढा आदर होता, तिथे या खर्ड्यांना पक्क्या प्रतींच्या वरचे स्थान कसे मिळाले? आणि दुसरे असे की, वांग शीझी यांचा मूळ कागद आज अस्तित्वातच नाही असे मी वाचतो. मग ज्या हाताची रेघ कोणीही पाहिलेली नाही, तिचे कौतुक आपण कशाच्या आधारावर करतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काजळी (कोथरूड)

सर, नमस्कार. मी चिनी भाषा शिकवते आणि गेली काही वर्षे कुंचल्याने अक्षरे गिरवण्याचा सराव करते. आपला पहिला प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम लिपीच्या प्रकारांबद्दल. चिनी लेखनातील 'काइशू' म्हणजे आपल्याकडच्या बाळबोध लिपीसारखी: प्रत्येक रेघ सुटी, प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात. 'त्साओशू' ही मोडीसारखी, हात न उचलता सरसर लिहायची. या दोहोंच्या मध्ये 'शिंगशू' येते. आपण जिला धावती लिपी म्हणता ती हीच. पत्रे, टिपणे, खर्डे याच लिपीत लिहिले जात, कारण ती वाचताही येते आणि विचाराच्या वेगाने लिहिताही येते. त्यामुळे धावत्या लिपीतील उत्तम नमुना खर्ड्यात सापडावा, हे एका अर्थी स्वाभाविकच आहे. पक्की प्रत करायची असेल तर लिहिणारा बाळबोधाकडे वळणार.

यान झेनचिंग यांचेच उदाहरण घ्या. ७५२ मध्ये त्यांनी लिहिलेला 'दुओबाओ' स्तूपाचा शिलालेख आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. इतके शिस्तीचे, घोटीव अक्षर की आजही चीनमधली मुले त्याचा कित्ता गिरवतात. त्यानंतर जेमतेम सहा वर्षांनी त्याच हाताने हा शोकलेख लिहिला. म्हणजे नेटके लिहिता येत नव्हते म्हणून खाडाखोड झाली, असे कोणी म्हणू शकत नाही.

मधल्या काळात काय घडले होते, ते ठाऊक असल्याशिवाय तो कागद वाचता येत नाही. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने बंड केले. यान झेनचिंग यांचे चुलत बंधू यान गाओचिंग हे चांगशानचे अधिकारी होते. त्यांनी बंडखोरांपुढे मान तुकवली नाही. मदतीला येणारे सैन्य आलेच नाही, शहर पडले, गाओचिंग मारले गेले आणि त्यांचा तरुण मुलगा जीमिंगही मारला गेला. पुढे शोध घेतल्यावर जीमिंगचे केवळ शिर हाती लागले. त्या शिरासमोर वाचण्यासाठी हा मजकूर लिहायचा होता.

आता आपल्याकडची प्रत समोर ठेवून उजवीकडून वाचायला सुरुवात करा. पहिल्या ओळींमध्ये तिथी आहे, मग स्वतःच्या पदव्या आहेत. हा औपचारिक भाग असल्यामुळे हात शांत आहे, अक्षरे जवळजवळ सारख्या आकाराची आहेत. पुतण्याच्या गुणांचे वर्णन सुरू होते आणि अक्षरे सैल होऊ लागतात. वेढा पडलेल्या एकाकी शहराचा उल्लेख येतो, 'बाप अडकला, मुलगा मेला, घरटे उलटले, अंडी फुटली' हे शब्द येतात, तिथे अक्षरे एकदम मोठी होतात, आजूबाजूला शब्द खोडून दुसरे घातलेले दिसतात आणि कुंचल्यातली शाई संपत आली तरी लिहिणारा थांबत नाही. कोरड्या केसांनी कागद खरवडल्यासारख्या फाटक्या रेघा उमटत राहतात. थांबून शाई घेणे त्याला सुचलेले नाही, किंवा सुचूनही जमलेले नाही. शेवटच्या ओळीतले 'हाय हाय' तर इतक्या घाईने उतरले आहे की ती अक्षरे मोडीसारखी एकमेकांत मिसळली आहेत.

याची पक्की प्रत त्यांनी नंतर केली असणार, कारण वाचायला तीच लागली असती. तिच्यात शब्द बिनचूक असतील, पण शाई कुठे संपली हे तिच्यात दिसले नसते. कुंचल्याच्या लेखनाचा हा मुख्य धर्म आहे, सर: एकदा उमटलेली रेघ पुन्हा डागडुजी करून सुधारता येत नाही. दुसऱ्यांदा हात फिरवला की कागद ते लगेच दाखवतो. म्हणूनच पाहणारा त्या रेघेवरून लिहिणाऱ्याचा हात जसाच्या तसा, त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने, आपल्या मनात पुन्हा फिरवू शकतो. चिनी रसिक असा पाहतो. अक्षराचा आकार तो नंतर बघतो.

सू शी यांच्या कवितांबद्दल थोडे. १०७९ मध्ये त्यांच्या कवितांतून राज्यकारभारावर टीका केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी हुआंगझोऊला पाठवले गेले. त्या दोन कविता 'थंड अन्नाच्या सणा'वर आहेत. तो सण म्हणजे चूल न पेटवण्याचा दिवस. आपल्या शीतळा सप्तमीची आठवण व्हावी असा. कवितेत पाऊस आहे, मासेमारी होडीएवढे घर आहे, मोडक्या चुलीत ओली लव्हाळी जळते आहे, आणि कावळ्यांच्या चोचीतला कागद पाहून कवीला आज सण असल्याचे कळते. 'कागद' या अक्षराची शेवटची उभी रेघ त्यांनी इतकी लांब ओढली आहे की खाली दोन अक्षरांची जागा तिने खाल्ली आहे. पहिल्या कवितेतली अक्षरे लहान आणि दबलेली, दुसऱ्या कवितेतली मोठी आणि मोकाट. आपण म्हणता तो घुसवलेला शब्द 'आजारी' हा आहे. एक शब्द टिंबांनी रद्द करून तो बाजूला लिहिला आहे.

त्या कागदाच्या शेवटी त्यांचे स्नेही ह्वांग तिंगजियान यांनी अभिप्राय लिहिला आहे, तो आपल्या प्रश्नाचे उत्तरच आहे. त्याचा आशय असा: तुंगफो यांना, म्हणजे सू शी यांनाच, पुन्हा लिहायला बसवले तरी याच्या बरोबरीचे होईलच असे नाही. ह्वांग हे स्वतः त्या काळातले मोठे सुलेखनकार होते, म्हणून त्यांच्या या वाक्याला वजन आहे.

दफ्तरी (सदाशिव पेठ)

वरचा प्रतिसाद अतिशय आवडला. मी मोडी कागद वाचतो, त्या अंगाने दोन गोष्टींची भर घालतो.

मोडी आणि त्साओशू यांची तुलना हाताच्या गतीपुरती बरोबर आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा लागेल. पेशवे दफ्तरातील बहुसंख्य कागद कारकुनांच्या हातचे आहेत. मजकूर एकाचा, अक्षर दुसऱ्याचे आणि शेवटी 'मोर्तब सुद'चा शिक्का. त्यामुळे अक्षरावरून आपण फार तर लेखकाची घाई किंवा सवय ओळखू शकतो. मजकूर ज्याचा आहे त्याच्या मनापर्यंत पोहोचता येत नाही. चीनमध्ये वांग शीझी सेनापतिपदावर होते, यान झेनचिंग आणि सू शी अधिकारी होते आणि तिघेही स्वतः लिहीत होते. मजकूर, हात आणि दुःख एकाच माणसाचे असल्यामुळे त्यांचा खर्डा जपला गेला. आपल्याकडे जपला जातो तो मजकुरासाठी.

दुसरी गोष्ट खाडाखोडीचीच आहे. आपल्या पोथ्यांमध्ये राहिलेले अक्षर काकपदाची (^) खूण घालून समासात लिहीत आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. मला आश्चर्य वाटले ते असे की, चीनमध्येही पिवळसर कागदावरची चूक झाकायला हरताळच वापरत आणि तिथेही त्यावरून वाक्प्रचार रूढ झाला. वांग यान नावाचे एक विद्वान बोलताबोलता आपलेच विधान बदलत, म्हणून लोक म्हणत की यांच्या तोंडातच हरताळ आहे. हे वांग यान म्हणजे वांग शीझी यांच्याच घराण्यातले.

म्हणजे चूक झाकायची सोय हाताशी होती. लानतिंगचा कागद झाकला गेला नाही, कारण तो कोणाला सादर करायचा नव्हता.

ठसा (औंध)

मला आधीच्या दोन्ही प्रतिसादांत एक धोका दिसतो, तो नम्रपणे मांडतो. भावना अनावर झाली की उत्तम अक्षर उमटते, असा समज यातून नव्या विद्यार्थ्यांचा होऊ नये. लानतिंगचा प्रसंग तर आरंभी आनंदाचा होता. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, आजच्या शाओशिंगजवळ, चाळीसहून अधिक मंडळी ओढ्याकाठी बसली, पाण्यावर मद्याचे प्याले सोडले, ज्याच्यासमोर प्याला थांबेल त्याने कविता करायची असा खेळ झाला आणि सदतीस कविता जमल्या. त्या संग्रहाची ही प्रस्तावना. अठ्ठावीस ओळी, ३२४ अक्षरे. पुढे मजकूर आयुष्याच्या क्षणभंगुरतेकडे वळतो हे खरे, पण हात कुठेही तोल सोडत नाही. 'झी' हे साधे, तीन-चार रेघांचे अक्षर त्यात वीस वेळा येते आणि प्रत्येक वेळी त्याचे वळण निराळे आहे. हे दुःखाने साधत नाही, आयुष्यभराच्या सरावाने साधते. दुसऱ्या दिवशी वांग शीझी यांनी तोच मजकूर अनेकदा लिहून पाहिला, पण पहिल्यासारखा जमला नाही अशी कथा आहे. ती कथाच आहे, तरी इतकी शतके ती सांगितली जाते यावरून लोकांना काय मोलाचे वाटत होते ते कळते.

आता सरांचा दुसरा प्रश्न. मी शिलालेखांचे ठसे घेतो, त्यामुळे मूळ आणि नक्कल यांतला फरक माझ्या रोजच्या कामातला आहे. थांग घराण्याचा सम्राट ताइझोंग याला वांग शीझी यांच्या अक्षराचे वेड होते. लानतिंगचा मूळ कागद एका वृद्ध भिक्षूकडे होता, तो सम्राटाने माणूस पाठवून युक्तीने मिळवला आणि ६४९ मध्ये सम्राट वारल्यावर तो त्याच्यासोबत पुरला गेला, असे परंपरा सांगते. मात्र त्याआधी त्याने दरबारातल्या उत्तम हातांकडून नकला करून घेतल्या होत्या. आज ज्या नकलेवर सर्वांत जास्त भिस्त आहे ती फेंग चेंगसू यांच्या नावाची, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली. ही नक्कल बघून लिहिलेली नाही. मूळ कागदावर पातळ कागद ठेवून, उजेडाच्या आधाराने प्रत्येक रेघेची दोन्ही बाजूंनी बारीक कड काढायची आणि मग आतली जागा शाईने भरायची, अशी ती रीत होती. नक्कलकाराने कुंचल्याचे केस जिथे फाकले आहेत तिथे ते फाकलेलेच दाखवले, आणि खाडाखोडही तशीच उतरवली.

चौथ्या ओळीजवळ 'उंच डोंगर' हे दोन शब्द बाजूला घुसवलेले दिसतात. पुढे 'प्रत्येक' या अर्थाचे एक अक्षर आहे; त्यातली एक आडवी रेघ गडद आणि बाकीचे अक्षर फिकट आहे, कारण मुळात तिथे 'एक' लिहिले होते, म्हणजे नुसती आडवी रेघ, आणि नंतर तिच्याभोवती बाकीचे अक्षर बांधले गेले. नक्कलकाराने दोन वेळच्या दोन शाया वेगळ्या ठेवल्या आहेत. अगदी शेवटचे अक्षरही दुसऱ्या अक्षरावर लिहिलेले आहे. पक्की प्रत नकलून अशी खात्री कधीच पटली नसती. खाडाखोडीमुळेच मूळ कागद कसा होता ते आपल्याला कळते.

याला विरोधही झालेला आहे. १९६५ मध्ये चिनी विद्वान ग्वो मोरुओ यांनी नानजिंगजवळ सापडलेल्या त्याच काळातल्या समाधिशिलांवरचे ताठ, कोनीदार अक्षर दाखवून लानतिंग वांग शीझी यांचे नसावेच असे मांडले आणि मोठा वाद झाला. मला तो युक्तिवाद पटत नाही. शिळेवर कोरायचे अक्षर आणि कागदावर लिहायचे अक्षर यांची तुलना करताना छिन्नीचा वाटा वगळता येत नाही. आपल्याकडचा ताम्रपट आणि त्याच काळातले खाजगी पत्र शेजारी ठेवले तर तेही एका लिपीतले वाटणार नाही.

जाता जाता आपल्या मातीशी जोडलेली एक गोष्ट. याच ताइझोंगने ह्यूएन त्सांग यांच्या बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांना प्रस्तावना लिहिली. तेच ह्यूएन त्सांग, जे दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेले आणि इथल्या लोकांच्या मानीपणाबद्दल लिहून गेले. ती प्रस्तावना शिळेवर कोरायची ठरली तेव्हा ह्वाइरेन या भिक्षूने वांग शीझी यांच्या उपलब्ध लेखनातून एकेक अक्षर वेचून सगळा मजकूर जुळवला; वांग शीझी यांना जाऊन तेव्हा तीनशे वर्षे झाली होती. ६७२ मध्ये उभारलेली ती शिळा शीआनला आहे आणि तिच्या शेवटी प्रज्ञापारमिताहृदय सूत्रही कोरलेले आहे. खाडाखोड नाही, एकाही अक्षरात दोष नाही, आणि तरी अक्षरे एकमेकांशी बोलत नाहीत, कारण ती एकामागून एक लिहिलीच गेली नव्हती. सरांनी लानतिंग आणि ही शिळा शेजारी ठेवून पाहावी.

विद्यार्थ्यांसाठी मात्र माझा आग्रह ओउयांग शुन यांच्या ६३२ च्या 'ज्योचेंग' राजवाड्याच्या शिलालेखाचा राहील. वयाच्या पंचाहत्तरीत लिहिलेली ती बाळबोध अक्षरे आहेत. खर्डा नंतर.

काजळी (कोथरूड)

ठसा काका, आपला आक्षेप मान्य आहे. मी सराव म्हणून शोकलेख गिरवायला घेतला होता, तेव्हा माझ्या शिक्षकांनी तो काढून घेऊन ज्योचेंगच हातात दिला होता. सहा महिने मी नुसती आडवी रेघ काढत होते. सहाणेवर गंध उगाळावे तशी शाईची कांडी उगाळायची, जुन्या वर्तमानपत्रांवर रेघा ओढायच्या आणि त्यांतली एखादीच शिक्षकांनी लाल वर्तुळात घ्यायची. भावनेबद्दल मी लिहिले ते पाहणाऱ्याच्या बाजूने होते. लिहिणाऱ्याला त्याआधी हात तयार करावाच लागतो.

सरांना आणखी एक सुचवते. मोठ्या कृतींच्या आधी वांग शीझी यांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात. 'तीनशे संत्री पाठवीत आहे, अजून दव गोठलेले नाही, यापेक्षा जास्त मिळणे शक्य नाही' एवढ्या बारा अक्षरांची एक चिठ्ठी थांग काळच्या नकलेच्या रूपाने तैपेईच्या संग्रहालयात आहे. आंब्याच्या पेटीसोबत आपण घरी धाडावी तशी चिठ्ठी. सोळाशे वर्षे लोक तिचा कित्ता गिरवत आहेत.

अक्षरवळण (कर्वेनगर, पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी भिंग घेऊन बसलो होतो. 'प्रत्येक' या अक्षरातली गडद आडवी रेघ सापडली आणि ती सापडल्यावर बराच वेळ दुसरे काही पाहता आले नाही. शोकलेखाच्या मध्यभागी शाई संपते ती जागाही दिसली. इतके दिवस मी तिला छपाईचा दोष समजत होतो.

ह्यूएन त्सांग यांच्या भाषांतरांना सम्राटाने लिहिलेल्या प्रस्तावनेचा ठसा संचात आहे, तो लानतिंगशेजारी लावून पाहिला. 'झी' हे अक्षर दोन्हीकडे शोधले. शिळेवर ते सुंदर आहे. लानतिंगमध्ये ते दर वेळी वरच्या अक्षराकडून काहीतरी घेऊन खाली येते. हे मुलांना फळ्यावर दाखवता येईल असे वाटते, कारण देवनागरीत 'च', 'ही', 'ना' ही अक्षरे आपण दिवसातून शेकडो वेळा लिहितो आणि ती नकळत बदलत असतात.

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचा नियम मी बदलू शकत नाही. तो आयोजकांचा आहे. पण माझ्या वर्गात या आठवड्यापासून मुलांना पक्क्या प्रतीसोबत कच्चा कागदही माझ्याकडे द्यायला सांगितला आहे. एक व्यवहाराचा प्रश्न राहिला: भिंतीवर लावण्यासाठी लानतिंगची मोठी केलेली प्रत छापून घ्यावी का?

ठसा (औंध)

मोठी करू नये. फेंग चेंगसू यांची नक्कल २४.५ सेंटिमीटर उंच आणि ६९.९ सेंटिमीटर लांब आहे. त्याच मापात छापून घ्यावी आणि भिंतीवर न लावता टेबलावर पसरावी. तो कागद उजवीकडून डावीकडे, हाताच्या अंतरावरून वाचण्यासाठी होता. भोवतीचे लाल शिक्के नंतरच्या मालकांचे आहेत, पण ते कापू नयेत. उजव्या कडेजवळचा अर्धाच दिसणारा 'शेनलोंग' शिक्का असल्यामुळेच ही प्रत ओळखली जाते.